समुद्रबाईंची तार

समुद्रबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि त्याची त्यांना काडीचीही खंत नव्हती. जन्म भिवापूरच्या मिरचीवाल्या घरातला, सारी नोकरी नागपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. एकदा आम्ही गोव्याला परिषदेला गेलो. शेवटच्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर पळाले आणि बाई खोलीत परतीच्या गाडीसाठी डबे बांधत बसल्या. मी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, “पाणीच तं आहे, त्यात पाहाचं काय? त्याच्यावरची हवा पाहा ना गा.”

त्या हवेसाठीच बाईंचा जीव अडकला होता. शिकवायच्या भौतिकशास्त्र, पण थंडी पडली की पोरांना घेऊन पातळ प्लास्टिकचे मोठे फुगे करायच्या. फुग्याखाली बोटभर सौर पट्टी, हवेचं तापमान आणि दाब मोजणारी इवलीशी यंत्रं, आणि एक रेडिओ. असा फुगा विमानांच्याही वर जातो आणि तिथलं वारं त्याला पूर्वेकडे नेतं, बंगालच्या उपसागरावरून पार प्रशांत महासागरावर. जिथं जहाज फिरकत नाही तिथली हवा तो मोजतो आणि रेडिओवरून कळवतो. तो आवाज पकडायला गच्चीवर लांबलचक तार मी ताणली होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. बाईंच्या लेखी फक्त ‘तारवाले’.

समुद्रबाई हे नाव स्टाफरूममधलं, कुचेष्टेनं पडलेलं. नागपूरच्या चहूकडे जमीनच जमीन, आणि ही बाई महासागराच्या गोष्टी करते! बाईंना नाव कळलं तेव्हा त्यांनी ते हसून घेतलं, पण उत्तर तयार ठेवलं. त्यांच्या लहानपणी अंगणभर मिरची वाळत होती, रेडिओ म्हणाला आभाळ कोरडं राहील, आणि त्याच दुपारी सगळी मिरची भिजून काळी पडली. “आभाळाले काय तालुका आहे, जिल्हा आहे?” त्या विचारायच्या. “तिकडं कोणी मोजलं नाही का इकडं चुकते.” एवढं बोलून त्या पुढच्या तासाला निघून जायच्या.

पहिल्या मोठ्या फुग्याच्या सकाळी आमचे प्राचार्य नाश्ता उरकूनच मैदानावर आले. आमच्याकडे कसलाही मुहूर्त असो, पोहे आणि त्यावर चण्याची लालभडक, तेलाचा तवंग असलेली तर्री हवीच. वायू भरून झाला की फुग्याचं तोंड गरम चिमट्यानं दाबून चिकटवायचं असतं. प्राचार्यांनी फोटोसाठी नेमकं तेच तोंड धरलं. फुगा वर गेला, टाळ्या झाल्या, आणि जेवणवेळेच्या आत तो कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेत येऊन पडला.

सभेत प्राचार्यांनी विचारलं, विद्यार्थ्यांचा हा हलगर्जीपणा कुणाच्या देखरेखीखाली झाला? बाईंनी पिशवीतून फुग्याचं उकललेलं तोंड काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या बाजूला केशरी अंगठा स्वच्छ उमटला होता. “तेल लागलं का प्लास्टिक चिकटत नाही सर. अन् पोरायचा अंगठा नाही हा. पोरायले तर्री भेटलीच नाही, तुमच्याच टेबलावर सरली.” कुणी हसलं नाही, पण पाण्याचे ग्लास मात्र सगळ्यांनी एकदमच तोंडाला लावले.

त्यानंतर फुग्याच्या दिवशी सुके पोहे, हा नियम झाला. नागपूरकराला तर्रीशिवाय पोहे म्हणजे निव्वळ शिक्षा. पोरं कुरकुरायची, बाई मात्र दारात साबण घेऊन उभ्या. प्राचार्यांना त्यांनी मैदानाच्या कडेला खुर्ची दिली, पाणी दिलं, फुग्याला हात लावू दिला नाही. आणि हा दुसरा फुगा नीट वर गेला! उपसागर ओलांडून महासागरावर पोचला, रोज सकाळी तिकडची हवा सांगू लागला. मग उत्तरेकडे सरकला आणि एक दिवस गप्प झाला.

प्राचार्य याचीच वाट पाहत होते. गच्चीवर नव्या प्रवेशांच्या जाहिरातीचा मोठा फलक लावायचा होता आणि माझी तार मध्ये येत होती. “मॅडम, फुगा गेला. आता मान्य करा,” ते म्हणाले. बाई म्हणाल्या, “गेला काहून म्हणता सर? तिकडं थंडीत सूर्य नुसता डोकं वर काढते अन् बुडते. त्याच्या पट्टीचं पोट भरून नाही राहिलं. ऊन वर आलं का बोलन. तवा तारच नसली तं ऐकन कोण?” प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी माणसं पाठवली. पाहतात तर तारेच्या खांबांभोवती, जिन्याच्या तोंडापासून कठड्यापर्यंत भिवापुरी मिरची वाळत घातलेली. अन्नावर पाय कोण देणार? माणसं शिंकत शिंकत खाली उतरली.

मिरची वाळण्याआधीच बाईंना धंतोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदयाचं दुखणं जुनं, आम्हालाच नवं. मी भेटायला गेलो की तब्येतीचं विचारू द्यायच्या नाहीत. “मी राहीन, नाही राहीन, तार राहिली पाहिजे. फुगा मेला असं कोणाच्या तोंडून निघू देजो नको.” मी हो म्हटलं. त्या आठवड्यातच बाई गेल्या, आणि फुगा अजून गप्पच होता.

शोकसभेत प्राचार्य बाईंच्या जिद्दीवर छान बोलले आणि खाली उतरता उतरता मला म्हणाले, “ती तार आता काढून घ्या.” माझं डोकंच फिरलं. जिद्द भाषणापुरती हवी काय यांना? मी काही बोलणार तोच फाटकात बाईंचे भाऊ दिसले, टेम्पोतून मिरचीची पोती उतरवत. “ताईनं दवाखान्यातूनच सांगून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “पहिली वाळली का दुसरी टाकजो म्हणे.” आम्ही दोघांनी सारी गच्ची पुन्हा लाल केली. डोळ्यांतून पाणी मिरचीनं येत होतं का कशानं, कुणी कुणाला विचारलं नाही.

होळीच्या सुमारास एका सकाळी फुगा बोलला. अगदी क्षीण, पण तोच, महासागरावरून तिकडची हवा सांगणारा. मी खोलीत एकटा होतो. रडलो, मोठ्यानं रडलो, लाज कसली? मग खिडकी उघडून मैदानभर ऐकू जाईल असं ओरडलो.

बातमी फिरली. प्राचार्य फोटोवाल्याला घेऊन लगबगीनं वर आले, मिरचीच्या कडेकडेनं, बूट सांभाळत. खांबाशी पोचले आणि तार धरायला त्यांनी हात पुढे केला. मी आडवा उभा राहिलो.

“थांबा सर,” मी म्हटलं. “आधी साबणानं हात धुऊन या.”