रद्द, पण पुसलेलं नाही

सकाळी दहाच्या सुमारास आमच्या जव्हारच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत ऊन यायचं, आणि फळीवरच्या तपकिरी बाटल्यांतून गाळून उतरताना ते मधासारखं दाट होऊन टेबलावर पसरायचं. त्या उन्हाला वास होता, खरंच सांगते. स्पिरिटचा, कापसाचा, खोकल्याच्या गोडसर औषधाचा. आणि फाल्गुन लागला की बाहेरच्या मोहाच्या फुलांचा मादक दरवळ त्यात असा मिसळायचा, की रोगी माणसालाही उगाच बरं वाटावं.

त्या खिडकीत मी बावीस वर्षं बसले, सगळ्यांची आपा होऊन. आमचं घर शिंप्यांचं, माझी शाळा सातवीपाशी थांबलेली. पुढची विद्या मी पुड्यांच्या कागदांवरून वेचली. औषधांची नावं वाचता वाचता कथा वाचू लागले, कविता वाचू लागले. औषध दिलं की चिठ्ठी फाडायची आणि वहीत ओळ लिहायची, एवढं माझं काम. पण त्या ओळींवर माझा जीव. निळ्या शाईची प्रत्येक ओळ म्हणजे डोंगर उतरून आलेलं एक माणूस, असं मला वाटे.

पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर मी एक रीत पाहिली होती. भात-नागली निघाली की घरं ओस पडतात, माणसं वीटभट्ट्यांवर जातात. जाताना पेरणीचं बियाणं ते मागं राहणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या घरी ठेवतात. ठेवणारा मोजत नाही, राखणारी विचारत नाही. पहिल्या मेघांची चाहूल लागली की ज्याचं त्यानं हवं तसं न्यावं. विश्वासाची एवढी निःशब्द भाषा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

त्याच पाड्यावरची जानकीबाई. चाळिशीची, हसरी, बोलण्यात तिखट. तिला फेफरं यायचं. रोजच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं एकही झटका नव्हता, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, एक दिवसही चुकवायचा नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर भट्टीवर जायचं म्हणून ती चार महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेली, आणि पाचव्या दिवशी पुन्हा खिडकीत उभी. मुकादमाची गाडी आलीच नव्हती, भट्टीवर जाणं राहिलं. अख्खं पुडकं तिनं आत सरकवलं.

"आपा, ह्यां तुहेपाशी ऱ्हाऊ दे. घरात उंदीर हाय, नि जाऊबाय डोकं दुखलं तरी माहे गोळ्या मागं. बाजाराला आली का थोडं थोडं नेईन."

बियाणं ठेवावं तशी ती गोळ्या ठेवत होती! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वहीत तिच्या ओळीपुढे मी 'परत' लिहिलं, भावाच्या दुकानातली हिरवी चिंधी पुडक्याला बांधली. पुढे तिचं पाहून आणखी चौघी-पाचजणी आल्या. माझ्या फळीवर रंगीत गाठींची बागच फुलली. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना आपला रंग बरोबर ओळखू यायचा.

त्याच हिवाळ्यात दवाखान्यात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यामागोमाग संगीता. तिशीतली, रोज मोखाड्याहून एस.टी.नं येणारी, बोटांनी सरी कोसळाव्यात तसं टाईप करणारी. दिवाळीपासूनच्या माझ्या चिठ्ठ्या पाहून ती नोंदी करायची. आणि इथंच माझी चूक झाली. जानकीबाई स्वतःच्याच पुडक्यातून पंधरा दिवसांच्या गोळ्या न्यायची, आणि मी सवयीनं दर वेळी 'दिलं' म्हणून नवी चिठ्ठी फाडायची. 'परत'ची चिठ्ठी मात्र कधी फाडलीच नाही. ते माझ्या वहीतच राहिलं. यंत्राला फक्त जाणं ठाऊक, येणं त्याच्या कानावरच नव्हतं.

फाल्गुनात पुडकं संपलं. शेवटची गोळी आदल्या संध्याकाळी घेऊन जानकीबाई नव्या गोळ्यांसाठी आली, तर पडद्यावर तिच्या नावाला दुप्पट औषध! अशा नावांना डॉक्टरांनी चौकशी करून सही केल्याशिवाय काही द्यायचं नाही, असा ताजा हुकूम. डॉक्टर तासाभरात दौऱ्यावर निघणार होते, ते चार दिवसांनी परतणार होते. चार दिवस! आणि तिला एक दिवसही चुकवायचा नव्हता.

"आपा, ही बाई गोळ्या खाते का विकते?" संगीता म्हणाली.

"खाते एकपटच गं. दुप्पट मी लिहिलंय."

झालेलं सगळं तिला सांगितलं. जानकीबाई खिडकीबाहेरून ऐकत होती. म्हणाली, "तुमचे पेटीला ठेव नाय कळं? कोनचे गावची गं ती?"

संगीता इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाली, "थांबा, दिवाळीची ती चार महिन्यांची नोंद पुसूनच टाकते. जुळेल सगळं."

मी तिचा हात धरला. पुसली, की जानकीबाई त्या दिवशी पुडकं घेऊन आलीच नव्हती असं होणार. डोंगर उतरून, अख्खं औषध माघारी आणणारी ती सकाळ नाहीशी होणार, आणि तिच्याबरोबर तिचा खरेपणाही. "रद्द कर," म्हटलं, "पण पुसू नको."

मग आम्ही दोघी बसलो. जुनी ओळ जागच्या जागी ठेवून संगीतानं तिच्या शेऱ्यात लिहिलं, रद्द, औषध परत आलं. आणि पुढच्या प्रत्येक ओळीशी, त्याच औषधातून पुन्हा दिलं. फळीवरच्या सगळ्या गाठी सोडल्या, एकेक पुडकं वहीशी, वही पडद्याशी ताडली. डॉक्टरांची जीप सुरू झाली होती तेव्हा मी पायऱ्यांवरून धावले; तेव्हाही वय धावायचं नव्हतं, तरी धावलेच! डॉक्टरांनी वही पाहिली, सही केली, म्हणाले, "आपा, चूकही तुमचीच आणि उपायही तुमचाच." त्या दिवसापासून परत आलेल्या औषधाला गुलाबी चिठ्ठी मिळाली. जानकीबाईनं नळाच्या पाण्याबरोबर गोळी घेतली, तोंड पुसलं आणि आम्हा दोघींना तोंडभर नावं ठेवत एस.टी. गाठली.

पुढल्या आश्विनात मी आणि संगीता पोशेऱ्याला गेलो. उतारांवर नागली पिंगट झालेली, हवेत ओल्या गवताचा उबदार गंध. जानकीबाईची लेक बाळंत होऊन दोन महिने झाले होते. आम्ही ओटीवर टेकलो न टेकलो तोच ती आतून आली, तान्हं बाळ अलगद आईच्या हातात दिलं आणि बियाणं ठेवून जावं तशी, मागं वळूनही न बघता विळा घेऊन शेताकडे चालू लागली.

फेफरं येणाऱ्या बाईच्या हातात तान्हं लेकरू कोण देतं? आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जानकीबाई बाळाला वर उचलून काहीतरी पुटपुटत होती, उन्हाचा एक कवडसा त्याच्या जावळावर हलत होता. ही नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे संगीतालाही सुचेना, आणि मलाही.