हिल्क्का हुओतारीची सोळा इंची चाकं

आमच्या हौकिकोस्की गावात हिवाळा आला हे आम्हाला हिल्क्का हुओतारीच्या अंगणावरून कळतं. ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या सकाळी तळ्याच्या काठाला काचेसारखी कड धरते, आणि दुपारपर्यंत तिच्या लाल गोठ्यापुढे गाड्यांची रांग लागते. गोठ्यात आता गाई नाहीत. बापाने गाई विकल्या तेव्हा हिल्क्का चोवीस वर्षांची होती. रिकाम्या गोठ्यात तिने एक जॅक, दोन पाने आणि टायर चढवायचं एक जुनं यंत्र आणून ठेवलं, तेव्हा गाव हसलं. बाईने धारा काढाव्यात, चाकं काय काढते, असं लोक म्हणाले. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. हसणाऱ्यांपैकी जे उरलेत ते सगळे आज तिच्याकडेच चाकं बदलतात.

दावणींवर गाईंची नावं अजून तशीच आहेत, तिच्या बापाने पांढऱ्या रंगात लिहिलेली. मान्सिक्की, ओमेना, हेलुना, कुकीक्की. एकेका गाईच्या जागेत एकेका घराची चाकं असतात. हिवाळ्यात उन्हाळ्याची, उन्हाळ्यात हिवाळ्याची. दुकानात कुणी सहज म्हणतं, "आमची ओमेनात आहेत," आणि ऐकणाऱ्याला सगळं समजतं. आम्ही हेलुनावाले. दुसऱ्या गाईत कधी गेलो नाही, जाणारही नाही.

गावापासून सात किलोमीटरवर होन्कावाराची टेकडी आहे. तिचा चढ लांब, वळणाचा आणि सावलीतला. नोव्हेंबरात बसलेला बर्फ तिथे एप्रिलपर्यंत हलत नाही. हिल्क्काने चाकं घातलेली गाडी त्या चढावर अडकलेली कुणी पाहिलेली नाही. हे मी सांगायची गरज नाही, ती स्वतःच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मिंट्टू सालमेला तिच्या अंगणात आली. मिंट्टू नर्स, वय सव्वीस, दूर दक्षिणेच्या तुर्कूहून आमच्या पालिकेत लागलेली. होन्कावाराच्या पलीकडे अकरा घरं आहेत आणि अकराही घरांत म्हातारी माणसं. कुणाला इंजेक्शन, कुणाच्या पायाची जखम. घरोघरी जाऊन हे बघणारी नर्स तिथे दीड वर्ष नव्हती. मिंट्टूने ते काम मागून घेतलं होतं. पण तिची गाडी म्हणजे पिवळीधमक छोटी हॅचबॅक, पोट जमिनीला टेकलेलं आणि मागे दोन धुराडी.

गाडी बघून तिची वरिष्ठ एइया मोइलानेन हिने सरळ सांगितलं होतं, "पुढच्या सोमवारी सकाळी मी तुझ्या शेजारी बसते. होन्कावारा चढलीस तर पलीकडची घरं तुझी. नाही चढलीस तर तू दवाखान्यात बसायचं. मग शेजारच्या पालिकेचा माणूस आठवड्यातून एकदा जाईल. तेवढ्यावर भागवू."

मिंट्टूने हे सगळं एका दमात हिल्क्काला सांगितलं.

हिल्क्काने गाडीभोवती एक चक्कर मारली. "ही कुठून आणलीस? बुटांच्या खोक्यातून?"

"लहान आहे, पण पळते," मिंट्टू म्हणाली.

बाकावर ऊर्हो हेइक्किनेन कॉफी पीत बसला होता. लाकूड वाहणारे ट्रक चालवून थकलेला म्हातारा, त्या बाकावर त्याचा हक्कच आहे. "पळते हे दिसतंच आहे," तो म्हणाला. "प्रश्न एवढाच, की रस्त्यावर पळते का रस्त्याच्या बाहेर."

"तू गप कॉफी पी, ऊर्हो," हिल्क्का म्हणाली.

मिंट्टूने फोनमधला फोटो दाखवला. उन्हाळ्याला आहेत तशीच अठरा इंची चाकं, काळी, चकचकीत. "मला हिवाळ्याला अशी हवीत."

हिल्क्काने करंगळी पुढे केली. "यावर रबर बघ किती. एवढं. बर्फाखाली दगड असतो, गोठून फुगलेला रस्ता असतो. एक दणका बसला की रिमला चीर. मग वजा पंचवीसमध्ये उभी राहून फोन कुणाला लावशील? मलाच ना?"

"पण दिसायला..."

"दिसायचं ते उन्हाळ्यात दिस."

"मग रबरात लोखंडी खिळे नसलेले टायर घेऊ? मऊ रबराचे? आवाज होत नाही. तुर्कूत माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे तेच आहेत."

"तुर्कूत हिवाळाभर पाऊस पडतो, पोरी. इथे तळ्याकाठचा रस्ता दुपारी पाझरतो आणि चार वाजता पुन्हा गोठतो. त्या ओल्या बर्फाला मऊ रबर नुसतं गोंजारतं. खिळा त्याला धरतो." मग तिने गाडीच्या पिवळ्या खांद्यावर हात ठेवला, कधीकाळी गाईच्या पाठीवर ठेवत असेल तसा. "पंधरा इंची रिम, अरुंद टायर, खिळ्यांचे. अरुंद चाक बर्फ कापतं आणि खालचा रस्ता शोधतं. मी सांगते म्हणजे झालं."

आणि झालंच. हिल्क्काने गाडीचे कागद पाहिले नाहीत, चाक काढून आत डोकावली नाही. असल्या हॅचबॅक तिने शंभर तरी केल्या असतील. मंगळवारी माल आला. तिने स्वतः टायर रिमवर चढवले, गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक बसवलं, पाचही बोल्ट आवळले आणि हाताने चाक फिरवलं.

खर्र.

तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. चाक काढून ती गुडघ्यावर बसली. तिने केलेल्या शंभर गाड्या साध्या होत्या. ही त्यांचीच धाकटी, पण वेगाने पळणारी बहीण. तिला थांबवायला कारखान्याने मोठा ब्रेक दिला होता, आणि ब्रेकची चकती चिमटीत धरणारा जाडजूड कॅलिपर पंधरा इंची रिमच्या पोटात मावत नव्हता. बाहेरून दोघी बहिणी सारख्याच दिसतात.

हिल्क्का उठली. हात पुसले. गोठ्यात मिंट्टू आणि ऊर्होखेरीज आणखी तिघे आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी चुकले."

ऊर्होने कप खाली ठेवला. आमच्याकडे लोक मनातल्या मनात चुकतात आणि मनातल्या मनातच सुधारतात. आणि हिल्क्का तर चुकतच नसे. तोवरच्या सदतीस वर्षांत त्या गोठ्याने तो शब्द ऐकला नव्हता.

"तरी मी म्हणत होते, अठरा इंची घेऊ," मिंट्टू हळूच म्हणाली.

"तेही चूकच. तू तुझ्या परीने चुकलीस, मी माझ्या परीने. आता बरोबर काय ते शोधू."

तिने केकच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, कॅलिपरला लावून त्याचा आकार आखला आणि कात्रीने कापला. तो पुठ्ठा काखेत मारून दोघी ऊर्होच्या वाड्यामागे गेल्या, तिथे मेलेल्या गाड्यांच्या रिमा पडून असतात. सोळा इंचीचे तीन संच सापडले. पहिल्याच्या बोल्टांची भोकं जुळेनात. दुसऱ्याची भोकं जुळली, पण पुठ्ठा आत अडला. तिसरा लोखंडी, काळा, गंजलेला. पुठ्ठा आत गेला आणि वर जागा उरली.

हिल्क्काने त्या फटीत बोट घातलं. "बोट जातंय. पुरे."

"किती कुरूप आहेत गं!" मिंट्टू म्हणाली.

"तारेचा ब्रश घे आणि सुंदर कर. तेवढ्यात मी टायरचं बघते."

टायर मात्र नव्हते. कायानी शहरातल्या घाऊक दुकानदाराने फोनवर सांगितलं, पहिला बर्फ पडला आणि खिळ्यांचे सोळा इंची सगळे संपले, आता पुढच्या आठवड्यात. आणि मिळाले असते तरी नव्या खिळ्यांना रबरात घट्ट बसायला पाचशे किलोमीटर सावकाश चालावं लागतं. पंधरा इंचीवर ते अंतर मिंट्टूने आठवडाभरात काटलं असतं. आता उशीर झाला होता. नवे खिळे तसेच त्या चढावर नेले असते तर दाणे उडावेत तसे उडाले असते.

मिंट्टू ब्रश हातात घेऊन बसून राहिली. तिचा चेहरा बघून ऊर्होनेही काही थट्टा केली नाही. नुसता राय नावाच्या धान्याच्या पिठाचा, वर लिंगोनबेरीची आंबट लाल फळं घातलेला एक छोटा पाव, आमचा रोंट्टोनेन, तिच्या पुढ्यात सरकवला.

हिल्क्का बाहेर गेली. तिची स्वतःची स्टेशन वॅगन मागच्या अंगणात उभी होती. सोळा इंची, एक हिवाळा चाललेले टायर, एकेक खिळा दातासारखा पक्का बसलेला. तिने जॅक लावला.

"हे काय करतेस?" मिंट्टू धावत आली. "मग तू कशावर जाणार?"

"पोत्कुरी आहे ना मला." पायाने रेटायची ती घसरगाडी आमच्याकडे घरोघरी असते, म्हाताऱ्या तिच्यावर दुकानाची पिशवी ठेवून बर्फावरून भुर्रकन जातात. "आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

"मी नाही घेणार. हे फार होतंय."

"अगं, मी काय दान करतेय? सोमवारी त्या चढावर तू एकटी जाणार नाहीस, माझं नाव पण जाणार आहे. रिम धर, वाकडी धरू नकोस."

शुक्रवारपर्यंत चारही चाकं तयार झाली. पिवळी गाडी एका बोटाने उंच झाली आणि तिचा तोरा थोडा उतरला. मिंट्टूने रिमा एवढ्या घासल्या होत्या की त्या काळ्या तव्यासारख्या दिसत होत्या.

सोमवारी सकाळी वजा अठरा होतं. एइया मोइलानेन शेजारी बसली आणि पट्टा दोनदा ओढून बघितला. ऊर्होने आपल्या गाडीतून हिल्क्काला होन्कावाराच्या पायथ्याशी आणलं होतं. "तूही मागे बस की," एइया काच खाली करून म्हणाली.

"नको. ही पुढच्या चाकांनी ओढते. मागे वजन झालं तर पुढचं हलकं होईल. आणि मी काही हलकी नाही."

गाडी चढाला लागली. पहिल्या वळणानंतर झाडं आडवी आली आणि ती दिसेनाशी झाली. उरला तो आवाज, हजारो खिळ्यांचा बर्फावरचा कुरकुर कुरकुर आवाज, जसा कुणी कडक भाकरी सावकाश चावतंय. हिल्क्काने टोपी कानांवरून वर केली. त्या थंडीत आमच्याकडे असं कुणी करत नाही.

चढाच्या मध्यावर आवाज थांबला.

"अडकली," ऊर्हो म्हणाला.

"गप."

अडकलेली गाडी कण्हते, चाकं जागच्या जागी गरगरतात. तसं काहीच ऐकू येत नव्हतं. एइयाने काय केलं असेल ते हिल्क्काला कळलं. चालत्या गाडीला चढ सोपा. बाई म्हणाली असणार, थांब, आणि इथून निघून दाखव.

ऊर्होने खिशातली तंबाखूची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. मग वर कुठेतरी इंजिन हलकेच घुमलं. एक खर्र झाली, छोटीशी, आणि त्यानंतर पुन्हा कुरकुर सुरू झाली, सावकाश, न अडखळता. ती दुसऱ्या वळणावर गेली. तिसऱ्या वळणावर गेली. टेकडीच्या माथ्यावर ती पातळ झाली.

ठरल्याप्रमाणे गाडी माथ्यावरून वळून खाली यायची होती. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ऊर्होचे पाय गारठले.

"खाली का येत नाहीत या? वर जाऊन बघायचं का?"

तेवढ्यात ऊर्होचा फोन वाजला. एइया होती. तिचा आवाज एवढा मोठा की हिल्क्कालाही ऐकू आला. "आम्ही थांबत नाही रे. पलीकडे आलोच आहोत तर पहिल्या घरी मिंट्टू म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलतेय. आणखी दहा घरं आहेत. तुम्ही जा घरी."

हिल्क्काने टोपी कानांवर ओढली.

"चल," ती म्हणाली. "गोठ्यापुढे रांग लागली असेल."

ऊर्होने गाडी वळवली. गोठ्यात पोचल्यावर त्याने बाकावरची आपली जागा हिल्क्काला दिली आणि पहिली कॉफी तिच्या हातात ठेवली, आणि आमच्या गावात एखाद्याचा मान राखायची याहून मोठी रीत नाही.