पाणी सपाट असतं, असं मी म्हणालो

मी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होतो. मंगलोरहून कौलं भरायची आणि मुंबईला उतरवायची, यातच आयुष्य गेलं. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढलं की मुक्काम घरी. पन्नास सालानंतरच्या एका श्रावणात माझे खलाशी पडवीत बसून शीड शिवत होते, तेव्हा शाळेतले गुरुजी आले. घाटावरचा तरुण माणूस. माझी मुलगी चौथीत होती. तिला पुढे मालवणच्या मोठ्या शाळेत घाला, असं सांगायला ते आले होते.

"हुशार आहे हो. पृथ्वी गोल कशी, हे तिने वर्गात माझ्यापेक्षा चांगलं समजावलं."

खलाशी हसले. मला चेव आला.

"गुरुजी, तुमी कदी दर्यात गेलास?"

"नाही."

"मी वीस वर्सां जातंय. मंगलोरापासून मुंबयपर्यंत पाणी सपाट. उतार खंयच दिसाक नाय माका."

पुन्हा हशा. मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तुमीच सांगल्यात मां, घराकडे येताना आदी डोंगराचो माथो दिसता, मगे माड, आणि किनारो सगळ्यात शेवटाक. पाणी सपाट आसता तर किनारोय तेवाच दिसलो नसतो?"

या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांत म्हातारा खलाशी सुई थांबवून म्हणाला, "चेडू बरोबर बोलता."

तेवढं मला सहन झालं नाही. "उद्यापासून शाळा बंद," मी म्हणालो.

गुरुजी नंतर दोनदा आले. मी आत बसून, घरी नाही म्हणून सांगायला लावलं. बायकोने रडून पाहिलं. पाटी माझ्या मुलीने स्वतःच शेजारच्या मुलीला देऊन टाकली. पंधराव्या वर्षी मी तिचं वालावलला लग्न लावून दिलं.

खरं म्हणजे मला ठाऊक होतं. जमीन दिसेना झाली की मीच माणसाला डोलकाठीवर चढवत असे. वरून त्याला जे दिसे, ते खाली आम्हाला दिसत नसे. पण खलाशांसमोर पोरीकडून हरायचं नव्हतं. एवढंच कारण.

पुढे गलबतं बंद पडत गेली. कौलं ट्रकने जाऊ लागली. घरी बसल्यावर मला त्या दिवसाखेरीज दुसरं काही सुचेना. शेवटी वालावल गाठलं. ती खळ्यात भात वाळत घालत होती.

"बाय, तुजा बरोबर होता," मी म्हणालो. "माका तेवाय ठावक होता."

तिचा हात थांबला.

"तेवाय?" ती म्हणाली. "इतकी वर्सां माका वाटला, तुमका कळाक नाय. म्हणान मी कदी राग धरूक नाय."

ती उठून आत गेली. मी बराच वेळ खळ्यात बसलो, मग निघालो. त्या वर्षी गणपतीला ती माहेरी आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.