बाई आली होती का?

शोभाताईच्या फोटोले हार घालायचा हक्क तुम्हाले नाही.

आज सकाळी आमच्या जुन्या सर्व्हे इन्स्टिट्यूटच्या पेजवर तिचा फोटो पाहिला. ताई गेली. खाली लिहिलं होतं, 'हमारे परिवार की सदस्य'.

परिवार? हाकललं होतं तिले तुम्ही!

पावर हाउस भागात टायरच्या दुकानावर एक खोली, तिथून हे इन्स्टिट्यूट सुरू झालं. डायरेक्टर सर, मी सुपरवायझर, अन् मरोद्याची शोभाताई. छत्री घेऊन दारोदार, निवडणुकीत मत कोणाले देणार, हे विचारत फिरायची.

तेव्हा सर म्हणायचे, "लोग जो बोलें, वही लिखना."

मग टीव्हीवाले आले. सरांच्या अंगावर कोट आला.

ताईच्या फॉर्मात 'सांगता येत नाही' याच रकान्यात टिकच टिक. सर भडकले.

"टीवी पर 'पता नहीं' दिखाऊँ क्या?"

"लोक सांगूनच नाही राहिले सर, तं मी कुठून आणू?"

मले बॅक-चेकले पाठवलं. म्हणजे तिच्या फॉर्मातल्या सात घरी पुन्हा जाऊन विचारायचं, बाई आली होती का?

वैशाली नगरात रेल्वेतून रिटायर झालेले एक काका भेटले. "आली होती ना बाप्पा! पाणी पिऊन गेली. मत तं मी बायकोलेही नाही सांगत, तिले कावून सांगू?"

सातही घरी हेच.

हसत हसत ऑफिसात आलो. सर म्हणाले, "सोच के लिखना. नौकरी तुम्हारी भी है."

मी लिहिलं, 'नहीं आई थी'.

सातही वेळा.

घरी बसून फॉर्म भरते, म्हणून सगळ्यांसमोर तिले काढलं. ती माझ्याकडं पाहून राहिली होती. मी खाली मान घालून स्टेपलर शोधत होतो.

'फर्जी फॉर्मवाली' हे नाव तिले चिकटलं ते चिकटलंच. पुन्हा कोणी सर्व्हेचं काम दिलं नाही.

एकदा बाजारात भेटली. "तू गेला होता ना रे त्या काकाकडं?"

"हो."

"मग?"

मी ऑटोत बसलो अन् निघून गेलो.

इन्स्टिट्यूटवाल्यांनो, तो फोटो काढा. लाज असेल तं काढा. अन् मले शिव्या द्यायच्या तं द्या, मीही तुमच्यातलाच एक हरामखोर.

पण आज माझा रिपोर्ट नव्यानं लिहून राहिलो, सगळ्यांसमोर.

बाई आली होती का?

आली होती. उन्हात, पायी आली होती. सातही घरी आली होती.

जाय ताई. माफ नको करू मले.