अनूच्या पोटऱ्यांची मालकी

जगातलं कुठलंही दुखणं हाकलून लावायचा अधिकार आपल्या एकटीकडेच आहे, असं आमच्या थोरल्या नणंदबाईंचं, म्हणजे आक्कांचं, ठाम मत आहे, आणि माझं दुर्दैव असं की आमच्या घरातल्या सगळ्या दुखण्यांचंही तेच मत आहे. माझ्या नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं की तो गोळी माझ्याकडे मागतो आणि निपाणीला फोन लावून तक्रार आक्कांकडे करतो. गोळी माझी, पाणी माझं, आणि उतार पडला की "आक्काशी बोललं की बरं वाटतं" हे वर. शेजारच्या काकूंची मान धरली तर त्या आमच्या दारात येऊन मला विचारतात, "नणंदबाई कधी येणार हो?" मी समोर उभी असते, मला दोन धडधाकट हात असतात, पण ते काकूंना दिसत नाहीत. मी मनात जळते आणि तोंडानं सांगते, "शनिवारी."

आक्का निपाणीत ब्लाउज शिवतात आणि दर शनिवारी दुपारच्या बसनं बेळगावला, आमच्या वडगावच्या घरी येतात. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर "एक भाऊ वाढवला, तेवढ्यात हौस फिटली" म्हणतात आणि सुईत दोरा ओवायला लागतात. येताना स्वतःची उशी घेऊन येतात, कारण आमच्या उशा मऊ आहेत आणि मऊ उशीवर मान लाडावते असं त्यांचं म्हणणं. बसमध्ये बसायचं ते ड्रायव्हरच्या पाठीमागेच. संकेश्वरला गाडी थांबली की त्याला उतरून चहा प्यायला लावतात, कारण त्याचे डोळे जड दिसतात. तो पितोसुद्धा! माझ्या सांगण्यावरून माझा सख्खा नवरा काढा पीत नाही. घरात शिरल्या की चप्पल काढायच्या आधी गॅलरीत जातात आणि मोगऱ्याला विचारतात, "काय रं, जेवलास का?" त्या मोगऱ्याला वर्षभर पाणी मी घालते, आणि त्याला कळ्या येतात शनिवारी. माणसांचं सोडा, पण झाडानंही असं वागावं याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं मी पोटात घातलं होतं. पण आमची अनू पाच वर्षांची झाली आणि तिचे पाय दुखायला लागले, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं. दिवसभर पोरगी गल्लीत हुंदडायची, शिडीवर चढायची, कुत्र्याच्या मागे पळायची, आणि जेवण होऊन अंथरुणावर टेकली की दोन्ही पोटऱ्या धरून रडायची. सकाळी उठली की पुन्हा जशीच्या तशी, जणू आदल्या दिवशी रडणारी कुणी दुसरीच होती. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय दाबून, वाकवून, तिला दवाखान्यात इकडून तिकडे चालायला लावून पाहिलं आणि म्हणाले, "वाढीच्या कळा म्हणतात याला. नाव तसं आहे, पण कारण बहुतेक दिवसभराची पळापळच असावी. झोपायच्या आधी हलक्या हातानं चोळा, कोमट शेक द्या, पाय जरा ताणून घ्या, आणि जवळ बसा. निम्मं औषध तेच आहे. मात्र एकच पाय सारखा दुखला, सूज दिसली, ताप आला किंवा सकाळी लंगडायला लागली, तर थांबू नका, लगेच या." 'जवळ बसा' हे ऐकून मी मनातून सुखावले. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात दिवसभर हिशेब करून आलेल्या बाईला एवढं तरी काम फक्त स्वतःचं म्हणून मिळायला हवं होतं.

पण शनिवार आला. अनूनं कळवळून पोटरी धरली, मी शेकायची पिशवी घेऊन धावले, तोवर आक्कांनी तळहातावर तेल घेऊन पोरीचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते. चोळता चोळता त्या गुडघ्याकडे बघून एकदम साहेबी आवाजात म्हणाल्या, "साहेब्रु इल्ला. नाळे बा!" अनू रडायची थांबली. मी कागलची, लग्न होऊन इकडे कर्नाटकात आलेली. मला कन्नड येत नाही. मी विचारलं, हे काय? तर आक्का म्हणाल्या, "साहेब न्हाईत, उद्या ये, म्हणून सांगिटलं. मराठीत सांगून दुखणं हालत न्हाय गं. घरातलीच भाषा, त्याला कोण भितंय? सरकारी भाषेत सांगायला लागतंय." आक्कांना कन्नड येतं ते एवढंच. घराच्या उताऱ्यासाठी त्या कित्येक वर्षं एका कचेरीत खेटे घालत होत्या, तिथल्या खिडकीवर जी दोन वाक्यं कानावर पडली ती पाठ झाली. "तेवढं ऐकून मी निमूट माघारी आलो का न्हाय दरवेळी? मग दुखणं कोण लागून गेलं?"

आणि खरं सांगते, दुखणं गेलं. त्यांच्या हातानं गेलं, तेलानं गेलं की पोरीला हसू आल्यानं गेलं, देव जाणे, पण अनू दोन मिनिटांत झोपली आणि मी गरम पिशवी पोटाशी धरून उभी राहिले.

पुढं आठवडाभरही तेच सुरू झालं. आक्का नसल्या की अनू फोन लावायला सांगायची. आक्का निपाणीहून म्हणायच्या, "फोन पोटरीला लाव बघू." मग अनूच्या पोटरीवर फोन, फोनमधून कचेरीतला दरडावणारा आवाज, आणि दुसऱ्या पोटरीला तेल चोळत मी. शेक मी द्यायची, पाय मी ताणून द्यायची, जवळ मी बसायची, अगदी डॉक्टरांनी सांगितलं तसं. आणि झोपताना पोरगी म्हणायची, "आत्यानं बरं केलं." एकदा निपाणीला रेंज नव्हती, तेव्हा मी मान खाली घालून ती दोन वाक्यं स्वतःच म्हणून पाहिली. अनूनं माझ्याकडे दयेनं बघितलं. "तू नको म्हणू आई. तू घाबरून म्हणतेस." त्या दिवशी मला कळलं, मला ही पोरगी पूर्ण हवी होती, पोटऱ्यांसकट, आणि तिच्या पोटऱ्या निपाणीच्या मालकीच्या झाल्या होत्या.

मग माझ्या हाती एक हत्यार लागलं. डॉक्टर म्हणाले होते की या कळा काही रोज येत नाहीत, मधे मधे चांगले दिवस जातात. पण अनू आता रोज जेवण झालं की पाय पसरून भिंतीला टेकून बसायला लागली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "वाट बघतेय. आत्यानं त्याला उद्या ये म्हणून सांगितलंय ना." ते ऐकून मला काळजी वाटायला हवी होती. मला झाला आनंद! शनिवारी आक्कांनी पिशवी खाली ठेवायच्या आत मी ऐकवलं, "आक्का, तुम्ही दुखण्याला घालवत नाही, तुम्ही त्याला रोजचं बोलावणं करता. पोरगी त्याची वाट बघत बसते." मला वाटलं, त्या नेहमीसारखं काहीतरी उलटून बोलतील. पण त्या खाली बसल्या. उशी मांडीवर घेऊन तिच्या अभ्र्याची शिवण चाचपायला लागल्या. मग म्हणाल्या, "व्हय की गं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. मला बी कचेरीत तसंच बोलवायचे आणि मी बी तशीच जात ऱ्हायलो." मी जिंकले होते, पण चहा टाकताना माझे हात उगाच इकडचं तिकडं करत राहिले.

पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या नवीन वाक्य घेऊन. बसमध्ये शेजारी बसलेल्या हुक्केरीच्या बाईकडून 'पुन्हा येऊ नको' कसं म्हणायचं ते त्यांनी संकेश्वरपासून बेळगावपर्यंत घोकून घेतलं होतं. अनूच्या पोटऱ्यांना तेल लावून त्यांनी ते शांतपणे सांगितलं, या वेळी दरडावून नाही, "मत्ते बरबेड." आणि कळा कमी होत गेल्या. आठवड्याला एकदा, मग महिन्यात कधीतरी, आणि वर्षभरात अजिबातच नाही. या कळा मुलं मोठी होता होता आपसूक जातात, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते आक्कांना कधी सांगितलं नाही. तेवढा दिलदारपणा माझ्यात आहे, किंवा तेवढी भीती.

आता अनू आठ वर्षांची आहे. जेवण झालं की "माझं मी झोपते" म्हणते आणि खोलीचं दार ओढून घेते. तिला हाक मारायला ना मी लागते, ना आत्या. मागच्या शनिवारी आक्का नेहमीप्रमाणे तेलाची वाटी कोमट करून बाहेर येऊन बसल्या. बंद दाराकडे बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "आज बी कुठं दुखत न्हाय म्हणती व्हय गं?" दुखावं अशी त्यांची इच्छा नव्हती, पण आवाजात ती जरा डोकावलीच. ज्या बाईचा मी इतकी वर्षं हेवा केला, तिच्या हातात नुसती वाटी उरली होती, आणि तशीच रिकामी मीही होते. मी पटकन सांगून टाकलं, "आक्का, माझ्याच पोटऱ्या वळायला लागल्यात. दिवसभर खुर्चीत असते ना." थोरल्या नणंदेनं भावजयीच्या पायाला हात लावायचा नसतो, मी लगेच पाय आखडून घेतले. त्यांनी ते ओढले. "गप बस. दुखण्याला कुठं नातं कळतंय?" म्हणाल्या आणि चोळायला लागल्या. माझ्या पोटऱ्या दुखत नव्हत्या, तरी त्यांचा हात फिरला आणि माझे डोळे भरून आले. पाच वर्षांची लेक या हातांसाठी का रडत होती, ते मला तेव्हा कळलं आणि त्याचाही थोडा हेवाच वाटला.

तेवढ्यात दार उघडलं. अनू उंबऱ्यात उभी राहून आमच्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. "आत्या, तू आईचे पाय का चोळतेस?" उत्तराची वाट न बघता ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं आपले लांबलचक झालेले पाय पुढं केले. "माझेपण दुखतायत." दुखत नव्हते, हे आम्हा तिघींना माहीत होतं. मी सरकून तिला जागा दिली. आक्कांनी तिच्याकडे बघितलं, हसल्या, "थांब जरा बाई, आईचं होऊ दे आधी," म्हणाल्या, आणि माझे पाय काही त्यांनी सोडले नाहीत.