अरसलानचा उपास

कापसाच्या भावासाठी मी चार वेळा रस्ता अडवला, दोनदा कोठडी पाहिली. हिंमत म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये, अशी माझी घमेंड होती. आमच्या राळेगावात सायकली दुरुस्त करणाऱ्या रहमतच्या बायकोनं, जुबैदानं, ती उतरवली.

तिची थोरली रुबीना चार वर्षांची झाली तरी बोलेना, नजर देईना. गंडेदोरे झाले. शेवटी २००४ साली मीच भांडून त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या लघवीचा वास विचारला.

"उंदरावानी येते," जुबैदा म्हणाली.

तपासणीत आजार सापडला. आईबाप दोघांकडून आलेला. डाळ, दूध, अंडी, मटण यांतला एक अंश अशा पोरांच्या अंगात मोडतच नाही. साचतो आणि वाढता मेंदू नासवतो. बाई म्हणाल्या, "रुबीनाचं गेलेलं परत येणार नाही. पण पुढच्या मुलाचं रक्त पहिल्याच आठवड्यात तपासा. पथ्य वेळेत लागलं तर ते इतर मुलांसारखं वाढेल."

जुबैदाला तेव्हा पाचवा महिना होता.

अरसलान जन्मला. तिसऱ्या दिवशी टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर वाळवले, पाठवले. आजार त्यालाही होता. अकराव्या दिवसापासून पथ्य: खास पावडरचं दूध, आईचं मोजकंच. पान्हा दाटलेला असताना ही बाई रडतं पोर बाजूला घेऊन बाटली लावी. पुढं त्याचा भातही तिनं सोनाराच्या काट्यावर तोलला. दर महिन्याला रक्ताचा कागद पोस्टानं नागपूरला.

शेजारच्या शेतकरीण भागीरथाबाईला तिनं बजावलं होतं, "काकी, याले डाळ नाही, पोळी नाही, दूध नाही. साबुदाणा, बटाटा चालते."

"म्हंजे याले जन्माचा उपासच की वं!" म्हातारी म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

पोरगा तीन वर्षांचा असताना, श्रावण संपता संपता, कागदाचं उत्तर आलं. रक्तातल्या त्या अंशाचा आकडा तिप्पट. असंच चाललं तर हाही रुबीनाच्या वाटेनं जाईल, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. माझं डोकं फिरलं. रहमतच्या दुकानात जाऊन ओरडलो, "मटण चारलं असन तुम्ही! करा लाड!"

रहमतनं पाना खाली ठेवला. जुबैदा बाहेर आली. "भाऊ, ओरडून आकडा उतरते का? बसा." मग पोराला जवळ घेऊन, "बेटा, अम्मी के सिवा कौन खिलाता तेरेकू?"

"काकी. खिचडी."

आम्ही भागीरथाबाईच्या दारात. "हो, देतो ना," ती म्हणाली. "माहा श्रावण हाये, रोज वाटीभर त्यालेही. साबुदाणा चालते म्हणलं होतं तू."

"त्यात दाणे?"

"दाण्याच्या कुटाबिगर खिचडी होते का? अन् उपासाले चालतात दाणे!"

शेंगदाणा म्हणजे डाळीचाच सख्खा भाऊ. समजलं तशी म्हातारी मटकन खाली बसली. "म्या जहर देल्लं का रे बापा?"

मी तोंड उघडणार, तोच जुबैदानं तिचा हात धरला. "उठा काकी. बिना दाण्याची कशी करतात, दोघी करून पाहू." परतताना मी तिला झापलं, त्या घरी पोराला पाठवू नको. ती म्हणाली, "तिचं दार बंद केलं त दुसऱ्याच्या दारी जाईन. कोणाकोणाचं बंद करू? त्यापेक्षा एकेकीले शिकवतो."

आणि गल्लीतली एकेक बाई तिनं काट्यासमोर बसवली. पुढचे दोन कागद गेले, आकडा उतरला. पण झालेलं नुकसान किती, ते कागद सांगत नव्हता.

पाच वर्षांचा झाल्यावर नागपूरला त्याच्या बुद्धीची तपासणी झाली. बाईंनी तासभर ठोकळे, रंग, आकडे विचारले. शेवटी बैलगाडीचं चित्र ठेवलं. "यात काय चुकलं?"

"एक चाक नाही," अरसलान म्हणाला. "अब्बाकडे आणा, बसवून देतील."

बाई हसल्या, कागदावर लिहू लागल्या. जुबैदा उठून उभी राहिली होती. "बाई, दुसऱ्या पोरांसारखा?"

"अगदी त्यांच्यासारखा."

मी बोलण्यावर जगणारा माणूस. एका बाईनं सोनाराचा काटा आणि चमचा घेऊन, पाच वर्षं, दिवसातून चार वेळा, एक अख्खा माणूस घडवला होता. आणि ती आता त्याच्या चपलेचा पट्टा लावत होती.

"चला भाऊ," ती म्हणाली, "चारची एसटी हाये. रुबीना वाट पाहत असन."