करडाचं कातडं

९ मे १९५९. सकाळची धार काढून झाली होती आणि मी शेळीचं करडू डालग्याखाली झाकत होते. खुटबावच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात सगळ्यांचा डोळा त्या एका शेळीवर होता. धाकट्या जावेला विषमज्वर झाला, दिरांनी तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं आणि तिची चार महिन्यांची मुलगी माझ्या पदरात आली. म्हशीच्या दुधाने तिला दोनदा हगवण लागली. पेज ती थुंकून टाकी. पोटात टिकायचं ते फक्त या शेळीचं दूध, आणि हिरवा पाला संपल्यापासून तेही आटत चाललं होतं.

म्हणून मी करडाला दिवसभर आईपासून तोडत होते. डालग्याच्या फटींतून आई दिसली की ते ओरडे, आणि शेळी दावं तोडायला बघे. त्या दिवशी मी वरून गोणपाट टाकलं. ओरडणं थांबलं. बरं झालं म्हणून मी पाण्याला गेले. विहिरीचा तळ दिसत होता. दोन हंडे भरायला दुपार झाली. परत आले तर भिंतीची सावली सरकलेली आणि डालगं भर उन्हात. गोणपाट उचललं तशी आतली वाफ तोंडावर आली. करडाने मान टाकली होती. पाणी मारलं, कान चोळले. काही उपयोग झाला नाही.

"दूध राखाया गेलीस आन् करडू भाजून ठिवलंस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं.

संध्याकाळी शेळीने पान्हा चोरला. कास तट्ट भरलेली, पण सडातून चार थेंब. पाचव्याला तिने लाथ मारून वाटी उलटवली. मुलीचा आवाज रडून बसला होता. साखरपाण्याचा बोळा ती दोनदा चोखी आणि सोडून देई. तिची टाळू खोल गेली होती. त्या टाळूकडे बघवेना, म्हणून मी शेजारच्या आबांकडे गेले. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला होता. आता शेती करत, दोन शेळ्या राखत.

"करडू पुरलं का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग सोल."

"आबा, मला मटण सुचतंय का आत्ता?"

"खायाला कोण सांगतंय! माझ्या शेळीला तीन पिल्लं हायेत, एक उपाशीच ऱ्हातं. त्याला ते कातडं घाल, तुझी शेळी आपलंच समजून पान्हा सोडंल. शेळी वासाला भुलती, डोळ्याला न्हाई. माझं हात लटपटत्यात, तुलाच सोलावं लागंल. शेपूट तेवढं ठिव, तितंच हुंगती."

सासूबाई दारातून ओरडल्या, "मेल्याचं कातडं जित्याला? अभद्र कुठलं!"

"वहिनी, पोरीचं पोट भरू द्या, मग काय ते अभद्र बघा."

करडू उन्हाने फुगलं होतं. मी नाकाला पदर बांधला आणि सोललं. पायांना चार भोकं ठेवली आणि आबांनी आणलेल्या पिल्लाला ते अंगरख्यासारखं चढवलं. शेळीने पहिल्यांदा ढुशी दिली. दुसऱ्यांदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा शेपटीशी नाक धरून ती बारीक आवाजात बोलली, आणि पिल्लू प्यायला लागलं. मला अर्धी वाटी दूध मिळालं. मुलगी ते सगळं प्यायली.

"थंडीत तीन दिस चालतं कातडं," जाताना आबा म्हणाले. "ह्या उन्हात एक रात. उद्या काढावंच लागंल. मग तिनं घेतलं तर घेतलं."

सकाळी त्यावर माश्या घोंगावत होत्या. मी कातडं कापून काढलं, उकिरड्याच्या पलीकडे पुरलं आणि हात राखेने घासले. मग उघड्या पिल्लाच्या शेपटीला शेळीचंच दूध चोळलं आणि त्याला पुढे लोटलं. शेळी हुंगत राहिली. तिचं ठरेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता, आत मुलगी जागी झाली होती. मी खाली बसले, एक सड पिल्लाच्या तोंडात दिला आणि दुसऱ्याखाली वाटी धरली.